पाण्याचं टेंपरेचर

जहाज समुद्रात असताना इंजिनरूम कधी गप्प नसते. केबिनमध्ये झोपलं तरी कानाला ती धडधड हवी असते. तिच्यात एवढासा फरक पडला की माणूस दचकून उठतो. १९९७ च्या ऑगस्टमधली एक सकाळ मला आजही आठवते, ती हा आवाज अचानक बंद पडल्यामुळे.

मी तेव्हा फोर्थ इंजिनिअर होतो. आपल्याकडच्या जहाजांवर त्याला ‘चार साब’ म्हणतात. टँकर रिकामा होता, होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडून इराणच्या आखातातल्या रास तनुरा या सौदी तेलबंदराकडे निघालेला. आठ ते बाराची वॉच माझी. इंजिनरूममध्ये पन्नासच्या आसपास टेंपरेचर, रेलिंगला उघडा हात लागला तर चटका, बॉयलर सूट पिळला तर घामाची धार. साडेअकराच्या सुमारास दोनपैकी एका जनरेटरचं कूलिंगचं पाणी तापू लागलं. अलार्म वाजला, मी धावलो, पण पोचायच्या आत तो ट्रिप झाला. त्याचा सगळा भार दुसऱ्यावर आला. दुसऱ्याने दोन-तीन सेकंद ओढून धरलं आणि तोही बसला. दिवे गेले, ब्लोअर गेले, पंप गेले. मेन इंजिनला तेल आणि पाणी देणारे पंप विजेवरच चालतात, त्यामुळे पाठोपाठ तेही थांबलं.

ब्लॅकआउट. नियमाप्रमाणे इमर्जन्सी जनरेटरने ४५ सेकंदांच्या आत चालू व्हायचं असतं, आणि आमचा झाला. पण तेवढा वेळ मी कंट्रोल रूमच्या दारात नुसता उभा होतो, आणि आमचं एवढं मोठं जहाज कुणाचंही न ऐकता आपल्याच ओढीने पुढे सरकत होतं. आजूबाजूला तेलाच्या जहाजांची वर्दळ. माझ्या गुडघ्यांतलं बळ गेलं होतं, हे आज सांगायला मला लाज वाटत नाही.

बडासाब, म्हणजे आमचे चीफ इंजिनिअर, देवगडकडचे. हातात टॉर्च घेऊन शिडी उतरले. कोणी काय केलं हे त्यांनी विचारलंच नाही. एवढंच म्हणाले, “पाण्याचं टेंपरेचर किती रे?”

“समुद्राचं पस्तीस, साब.”

“आणि कूलर शेवटचा कधी उघडलेला?”

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. समुद्राच्या पाण्याने इंजिनाचं पाणी थंड करणारा हा कूलर, तो सफाईसाठी उघडायची तारीख होऊन गेली होती.

जहाजं सोडून आता बरीच वर्षं झाली. तरी कुठे एखादं जहाज बंद पडल्याची बातमी वाचली की बडासाबांचा तो पहिला प्रश्न मनात येतो. ब्रिटिश नौदलाच्या सहा विनाशिकांची हकीकत मी गेली अनेक वर्षं त्या प्रश्नापायीच वाचत आलो आहे.

डेअरिंग, डॉन्टलेस, डायमंड, ड्रॅगन, डिफेंडर आणि डंकन. टाइप ४५ वर्गाच्या या सहा विनाशिका. १९८२ च्या फॉकलंड युद्धात शेफील्ड ही त्यांची विनाशिका एक्झोसेट क्षेपणास्त्राने जळाली, वीस माणसं गेली. आकाशातून ताफ्यावर येणारी वस्तू वेळेत दिसली पाहिजे आणि पाडता आली पाहिजे, ही त्या युद्धाने शिकवलेली गोष्ट. शेफील्डच्या पिढीची जागा या सहा जणींनी घेतली. पहिली २००९ मध्ये नौदलात आली, सहावी २०१३ मध्ये. प्रत्येकीवर सुमारे एक अब्ज पौंड खर्च झाला. रडार उत्तम, क्षेपणास्त्रं उत्तम. त्यांच्या या बाजूबद्दल जाणकारांनी कधी तक्रार केल्याचं माझ्या वाचनात नाही.

तक्रार होती ती पोटात. ही जहाजं संपूर्ण विजेवर चालतात. गॅस टर्बाइन आणि डिझेल जनरेटर वीज तयार करतात, आणि त्याच विजेवर प्रॉपेलर फिरवणाऱ्या वीस-वीस मेगावॅटच्या दोन मोटरी, रडार, क्षेपणास्त्रांची यंत्रणा, पाण्याचे पंप, भटारखाना, सगळं चालतं. कल्पना चांगली आहे. इंधन वाचतं, आवाज कमी होतो, यंत्रं जहाजात सोयीच्या जागी बसवता येतात. पण घरात एकच मीटर असला की फ्यूज उडाल्यावर अख्खं घर अंधारात जातं, तसंच हे. युद्धनौकेवर अंधार झाला की ती नुसती थांबत नाही, ती आंधळी होते. जिच्या भरवशावर बाकीचा ताफा निघालेला असतो तीच त्या घटकेला सगळ्यांत असहाय होऊन बसते.

आता टर्बाइनबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मला वाटतं सगळी गोष्ट त्यात आहे. डब्ल्यूआर-२१ हे त्याचं नाव. साधं गॅस टर्बाइन हवा ओढतं, दाबतं, तिच्यात इंधन जाळतं आणि उरलेला गरम झोत धुराड्यातून सोडून देतं. पूर्ण वेगात ते झकास चालतं, पण अर्ध्या भारावर इंधन फार पितं. डब्ल्यूआर-२१ ने यावर दोन उपाय काढले. हवा दाबली की तापते, म्हणून दाबण्याच्या दोन टप्प्यांच्या मध्ये तिला थंड करायचं, हा इंटरकूलर. आणि धुराड्यातून वाया जाणारी उष्णता परत वापरून, जळणाआधी ती दाबलेली हवा तापवून घ्यायची, हा रिक्युपरेटर. कागदावर बघितलं तर इंजिनिअरचं मन खूश व्हावं अशी रचना आहे. मी पहिल्यांदा आकृती पाहिली तेव्हा मनापासून दाद दिली होती.

पण इंटरकूलरमधली उष्णता शेवटी जाते कुठे? समुद्रात. समुद्र थंड असेल तर ती जाते. आखातासारखा तापलेला असेल तर ती घ्यायला समुद्रच तयार नसतो. मग टर्बाइनची ताकद घटते. ताकद हळूहळू घटली असती तर वेग कमी करून जहाज चालवता आलं असतं. इथे तसं झालं नाही. टर्बाइन एकदम हात टेकायचं, सगळा भार दोन-दोन मेगावॅटच्या दोन डिझेल जनरेटरांवर यायचा, आणि वीस मेगावॅटच्या मोटरी चालवणाऱ्या जहाजाचा भार ते बिचारे काय पेलणार? १९९७ मध्ये आमच्या टँकरवर जे झालं तेच, फक्त अब्ज पौंडांच्या जहाजावर.

सगळा दोष उन्हाच्या माथी मारणंही खरं नाही. डेअरिंग पहिल्यांदा बंद पडली ती २०१० च्या नोव्हेंबरमध्ये, भर अटलांटिकमध्ये, आणि दुरुस्तीला कॅनडात गेली. तिथे पाणी कसलं गरम? २०१२ मध्ये कुवेतजवळ पुन्हा तेच. २०१४ मध्ये डॉन्टलेसला सराव अर्ध्यावर सोडून परतावं लागलं. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये डंकनला टगच्या दोराने ओढत प्लिमथला आणलं. यंत्रच नाजूक होतं, आणि गरम पाण्यात त्याचा नाजूकपणा लपवता येत नव्हता, एवढंच.

२०१६ च्या जूनमध्ये ब्रिटिश संसदेच्या संरक्षण समितीने सगळ्यांना समोर बसवून विचारलं. जहाज बांधणाऱ्या बीएई सिस्टिम्सचं म्हणणं असं की आखातात वारंवार आणि सलग काम करायचं आहे हे तेव्हा धरलेलं नव्हतं. टर्बाइन देणाऱ्या रोल्स-रॉइसचं म्हणणं असं की आखातातली परिस्थिती मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बसत नाही. मी ते वाचलं आणि बराच वेळ तिथेच अडकून पडलो. कंपन्यांचा मला राग आला का? आला. पण त्यांचं उत्तर कंत्राटाच्या भाषेत बरोबर होतं, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. स्पेसिफिकेशन लिहिणारा कोण? सरकार. आपलं नौदल कुठे जाणार आहे हे सरकारपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार?

आणि ब्रिटिश नौदल आखातात काही नव्याने जात नव्हतं. १९८० पासून त्यांची गस्त तिथे सुरू होती. १९९१ च्या फेब्रुवारीत ग्लॉस्टर या त्यांच्या विनाशिकेने त्याच आखातात इराकचं एक क्षेपणास्त्र पाडून अमेरिकेच्या मिसूरी युद्धनौकेचं रक्षण केलं होतं. ज्या वर्गाच्या जागी टाइप ४५ येणार होती, त्याच वर्गातली ही ग्लॉस्टर. आणि डब्ल्यूआर-२१ च्या विकासाचं काम सुरू झालं तेही १९९१ मध्येच. म्हणजे एकीकडे आपली माणसं पस्तीस अंशांच्या पाण्यात उभी, आणि दुसरीकडे त्यांच्या पुढच्या जहाजाच्या इंजिनाचा विचार सुरू, आणि या दोन गोष्टी एका टेबलावर कधी आल्याच नाहीत. समितीने २०१६ च्या नोव्हेंबरमधल्या अहवालात ही चूक अक्षम्य असल्याचं म्हटलं. मला त्यात एक शब्दही जास्त वाटत नाही.

हे इंजिन निवडलं २००० मध्ये. स्पर्धेत अमेरिकेचं एलएम २५०० होतं, कितीतरी नौदलांत वर्षानुवर्षं चाललेलं. आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या शिवालिक वर्गाच्या फ्रिगेटवर तेच आहे, नव्या विक्रांतवरही तेच. डब्ल्यूआर-२१ च्या विकासात अमेरिकेच्या नौदलाचाही पैसा होता, पण त्यांनी ते आपल्या एकाही जहाजावर बसवलं नाही. जगात ते फक्त या सहा जहाजांवर आहे. नवं काही करूच नये असं मी म्हणणार नाही. सगळ्यांनी तसं म्हटलं असतं तर आजही आपण कोळसा टाकत बसलो असतो. पण जगात एकट्याने वापरायचं यंत्र घेतलं, तर ते आजारी पडल्यावर औषधही एकट्यानेच शोधावं लागतं. त्याची तयारी यंत्र घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून ठेवायला हवी. जहाजं आधी बारा ठरली होती, मग आठ झाली, शेवटी सहा. सहा म्हटल्यावर एक गोदीत, एक तालमीत, आणि दोन बिघडल्या की उरलं काय? २०२१ च्या जुलैमध्ये विमानवाहू क्वीन एलिझाबेथच्या ताफ्यातली डायमंड भूमध्य समुद्रात टर्बाइनच्या बिघाडाने मागे राहिली, आणि सहापैकी एकच विनाशिका कामाला उपलब्ध आहे असं संसदेत ऐकावं लागलं.

इथे मला पुन्हा बडासाब आठवतात. त्या ब्लॅकआउटनंतर ऑफिसकडून खुलासा मागणारा संदेश आला. कूलर उघडायची वेळ होऊन गेली होती हे खरं, पण तेवढ्यासाठी जहाज थांबवू नका, असा निरोपही ऑफिसचाच होता. बडासाबांकडे तो निरोप लेखी होता. तो जोडून दिला असता तर ते सुटले असते. त्यांनी इंजिन लॉगबुक ओढलं आणि माझ्यासमोर लिहिलं की कूलरची सफाई पुढे ढकलण्याचा निर्णय चीफ इंजिनिअरचा होता. खाली सही. मी म्हटलं, “साब, पण त्यांनीच तर...” मला मध्येच थांबवून म्हणाले, “निरोप त्यांचा, इंजिन माझं.”

बंदरात लागल्यावर ते स्टूल घेऊन कूलरपाशी बसले. आम्ही एकेक प्लेट सोडवत होतो. प्लेटांच्या खाचांत राखाडी गाळ गच्च बसलेला, मध्ये नखाएवढे शिंपले, आणि वास असा की ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात उभं राहावं. शेवटची प्लेट धुऊन बसेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. जेवणसुद्धा तिथेच मागवलं.

माझ्या मते सरकारच्या जबाबदारीचा अर्थ याहून वेगळा नाही. चूक कोणत्या कंपनीची, कोणत्या कलमात कोण बसतं, हा हिशेब जरूर करा, वसुली करा, कोर्टात जा. पण जहाज तुमचं आहे, त्यावरची एकशे नव्वद माणसं तुमच्या हुकमाने तिथे आहेत. दुरुस्ती त्या हिशेबासाठी थांबता कामा नये.

ब्रिटनमध्ये ती थांबली. अगदी ठप्प झाली असं नाही. २०१४ पासून नेपिअर नावाचा प्रकल्प सुरू झाला, आहे त्या टर्बाइनमध्ये सुधारणा झाल्या. पण खरा उपाय साधा होता आणि सगळ्यांना दिसत होता. टर्बाइन रुसलं तरी जहाज चालवू शकतील एवढे दमदार डिझेल जनरेटर बसवायचे. जुने दोन काढून एमटीयू कंपनीचे तीन-तीन मेगावॅटचे तीन नवे जनरेटर. चार मेगावॅटच्या जागी नऊ. हे कंत्राट दिलं गेलं मार्च २०१८ मध्ये, १६ कोटी पौंडांचं. पहिल्या बिघाडानंतर सात वर्षं उलटून गेल्यावर. डॉन्टलेस २०२० मध्ये बर्कनहेडच्या कॅमल लेर्ड गोदीत गेली आणि २०२२ मध्ये चाचणीसाठी पुन्हा समुद्रात उतरली. सहाही जहाजांचं काम २०२८ पर्यंत पुरं व्हावं असं ठरलं. २०१० ते २०२८. नव्याने नौदलात भरती झालेला एखादा पोरगा एवढ्या काळात चीफ होऊन निवृत्तीच्या गोष्टी करू लागतो.

डेअरिंगचं मला विशेष वाईट वाटतं. ती या वर्गातली थोरली. २०१७ मध्ये आखातातून परतली ती पोर्टस्मथला बांधून ठेवली गेली. २०२१ मध्ये तिला बर्कनहेडला नेलं, २०२३ च्या जानेवारीत ती तिथून बाहेर पडली. ज्यांनी जहाजावर दिवस काढले आहेत त्यांना ठाऊक असतं, बांधून ठेवलेलं जहाज चालत्या जहाजापेक्षा लवकर म्हातारं होतं. व्हॉल्व्ह धरतात, सील वाळतात, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे जहाज ओळखणारी माणसं बदलून जातात. कोणता पंप सुरू होताना जरा कुरकुरतो हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं.

आणि तरी ही जहाजं वाईट नाहीत हे डायमंडने दाखवलं. २०२३ च्या डिसेंबरपासून ती तांबड्या समुद्रात होती. येमेनमधल्या हूती बंडखोरांचे ड्रोन तिने पाडले, जानेवारीतल्या एकाच रात्री सात. नवे जनरेटर तिला तेव्हा मिळालेले नव्हते. रडारवर बसलेल्यांचं कौतुक वर्तमानपत्रांत छापून आलं, ते योग्यच होतं. मी मात्र त्या बातम्या वाचताना खालच्या डेकवरच्या, गेजवरून नजर न हटवणाऱ्या माणसांचा विचार करत होतो. वर क्षेपणास्त्र सुटताना खाली दिवे लागलेले राहिले पाहिजेत, ही काळजी त्यांनी किती रात्री वाहिली असेल?

परक्या देशाच्या जहाजांबद्दल इतकं जीव तोडून का लिहितोय, असं कोणाला वाटेल. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये भारत आणि ब्रिटन यांनी भारतीय नौदलासाठी विजेवर चालणारी प्रणोदन यंत्रणा, म्हणजे जहाज पुढे ढकलणारी यंत्रणा, एकत्र विकसित करण्याच्या इरादापत्रावर सह्या केल्या. सह्या झाल्या पोर्टस्मथला, म्हणजे या सहा विनाशिकांच्या घरच्याच बंदरात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश पंतप्रधान स्टार्मर मुंबईत आले तेव्हा दोन्ही सरकारांनी याचा आंतरसरकारी करार पुरा करण्याचा मनोदय सांगितला. या निर्णयाला माझा विरोध नाही. टाइप ४५ च्या मोटरी हे तिचं दुखणं नव्हतं, आणि विजेवर चालणारी जहाजं आपल्याकडे यायलाच हवीत. दुसऱ्यावर विसंबण्याचे हाल आपणही पाहिले आहेत. माझगाव डॉकने बांधलेल्या विशाखापट्टणम, मुरगाव, इंफाळ, सुरत या विनाशिकांची टर्बाइन युक्रेनच्या मिकोलाइवमधली. २०२२ मध्ये युद्ध पेटलं आणि त्या शहरावरच बॉम्ब पडू लागले.

मी उरणला राहतो. मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला येताना माझगाव डॉकमधली अर्धवट जहाजं दिसतात. मे महिन्यात लाँचच्या कडेवरून हात खाली सोडला तर पाणी कोमट लागतं, तीस अंशांच्या आसपास. पोर्टस्मथला हिवाळ्यात ते दहाच्याही खाली जातं. त्या कराराचे कागद लिहिणाऱ्यांनी एकदा तरी हा हात पाण्यात घालावा असं मला फार वाटतं. आकडा कागदावर हवा: इतक्या अंशांच्या पाण्यात, इतक्या भारावर, सलग इतके दिवस. चाचणी मे-जूनमध्ये व्हावी, आणि आपल्याच समुद्रात. आणि बिघडलं तर दुरुस्तीचा पैसा कोणत्या खात्यातून, कोणाच्या सहीने, किती महिन्यांत, हेही आधीच ठरलेलं असावं. ब्रिटनच्या संसदेने निदान उघड्यावर प्रश्न विचारले, उत्तरं नोंदवली, त्यामुळे मला उरणला बसून ती वाचता आली. आपल्याकडेही संरक्षणाची स्थायी समिती आहे, कॅग आहे. बिघाड लपवल्याने शत्रूला कळत नाही असं नाही. फक्त आपल्या लोकांना कळत नाही.

माझा भाचा सध्या लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या केंद्रात इंजिनिअरिंगचं प्रशिक्षण घेतोय. ती विजेची जहाजं येतील तेव्हा स्विचबोर्डसमोर उभं राहायचं वय त्याचंच असणार. मागच्या रविवारी फोन आला. इकडचं तिकडचं झालं, आईने पाठवलेल्या लाडवांचं झालं, आणि मग जरा थांबून म्हणाला, “मामा, तुम्ही ब्लॅकआउट बघितलाय ना? पहिलं काय करायचं?”

मी सांगितलं. “टॉर्च कायम खिशात ठेव, चार्ज केलेली. अंधार झाला की जागचा हलू नकोस, दहापर्यंत मोज, डोळे आणि कान ठिकाणावर येऊ देत. इमर्जन्सीचा आवाज आला की बोर्डकडे जा, कुठला ब्रेकर आधी पडलाय ते बघ आणि लिहून ठेव, नंतर कोणालाच आठवत नाही. मग समुद्राचं पाणी बघ.”

“टेंपरेचर?”

“टेंपरेचर. आणि लॉगमध्ये वेळ घालून लिही.”

“लिहितो,” म्हणाला. पलीकडे कागदाचा आवाज आला.